एकोणसत्तर किलोचे नीळकंठराव

मोटरसायकल सुरू करण्याआधी नीळकंठराव देवपुजारी आपले खिसे रिकामे करत. पाकीट, चाव्यांचा जुडगा, चष्म्याची पत्र्याची डबी, अडकित्ता, असं सगळं दाराजवळच्या स्टुलावर ओळीनं मांडून झालं की मग ते बूट काढत आणि चपला घालत. बूट साडेनऊशे ग्रॅम, चपला तीनशे. एवढं करून ते गाडीवर बसत, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात आणि पाकीट घरी राहिलं म्हणून परत येत. तोवर त्यांच्या बायको रजनीताई पाकीट हातात घेऊन फाटकात उभ्या असत.

“पाकीट किती ग्रॅमचं आहे?” त्या विचारत.

“एकशे चाळीस.”

“मग एकशे चाळीस ग्रॅमपायी दोनदा पेट्रोल जाळलं.”

याचं कारण असं की गाडीचा पुढचा शॉकअप एकोणसत्तर किलोच्या माणसासाठी बसवलेला होता, आणि नीळकंठराव ऐंशी किलोचे होते.

दुसऱ्या कुणी माणसानं अशा वेळी शॉकअप बदलला असता. नीळकंठराव माणूस बदलायला निघाले होते. यवतमाळात वाघापूरच्या आमच्या गल्लीत या गोष्टीचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही, कारण ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले होते.

तेहतीस वर्षं त्यांनी या जिल्ह्यातली शेतं मोजली. भूकरमापक म्हणून लागले आणि निमतानदार म्हणून निवृत्त झाले. एखाद्या शेताची मोजणी कुणाला पटली नाही, तर तो वर अर्ज करतो आणि वरचा अधिकारी येऊन तेच शेत पुन्हा मोजतो. या फेरमोजणीला निमताना म्हणतात. शेवटची नऊ वर्षं नीळकंठरावांनी दुसरं काही केलं नाही. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अल्याड एक भाऊ, पल्याड दुसरा, दोघांच्या हातात काठ्या आणि मधे टोपी घातलेले नीळकंठराव. “अर्ज असेल तर द्या. तोंडी मी काही ऐकत नाही,” एवढं एकच वाक्य ते बोलत, आणि काठ्या खाली येत. दुसऱ्यांच्या मोजण्या त्यांनी किती फिरवल्या याची गणती नाही. त्यांची स्वतःची मोजणी मात्र कधी कुणाला फिरवता आली नव्हती. पाहुणे आले की चहाच्या आधी ते हे सांगत.

लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर मोजलं आणि ओटा दीड इंच तिरका असल्याचं रजनीताईंना सांगितलं. ओटा अजून तिरका आहे. रजनीताई तेव्हापासून पोळपाटाखाली कापडाची घडी घालून पोळ्या लाटतात.

रजनीताईंनी यवतमाळ जिल्हा पाहिला तो धुण्याच्या दगडावर. दिग्रसकडची काळी माती पँटीला लागली की दोनदा घासावी लागे. झरीकडचा मुरूम एका पाण्यात निघे, पण बादलीचं बूड तांबडं करून जाई. बाभुळगावच्या पाच वर्षांत तर मोज्यांतून कुसळं निघत. नवरा कुठल्या गावाहून आला हे त्या त्याच्या कपड्यांवरून ओळखत, पण ती गावं त्यांनी पाहिली नव्हती. अमरावतीचं माहेर, लग्नकार्यांपुरतं नागपूर, आणि मुलगा साकेत नोकरीला लागल्यापासून दोनदा पुणं. एवढाच त्यांचा प्रवास. तेहतीस वर्षं फिरणाऱ्या माणसाची बायको तीस वर्षं घरी होती.

“रिटायर झालो की तुला सगळा जिल्हा दाखवतो,” नीळकंठराव म्हणत. “सरकारी गाडीत बायको बसवता येत नाही. स्वतःची घेऊ. मागे बस आणि बघत चल.”

हे ते प्रत्येक बदलीच्या वेळी म्हणत. मुलगी आभा बँकेत लागली आणि मुकुटबनच्या शाखेत गेली, तेव्हा जिल्ह्यातलं पहिलं गाव कुठलं बघायचं हेही ठरलं. यवतमाळहून मुकुटबन शंभर किलोमीटरच्या वर. मधे जंगल, मधे घाट, मधे कापूस. रजनीताईंनी त्यासाठी एक जाड विणीचा स्वेटर आणि डोक्याला बांधायचा रुमाल वेगळा काढून ठेवला होता.

गाडी जून महिन्यात आली. आणि पहिल्याच दिवशी पहिल्याच गतिरोधकावर पुढून “खट्” असा आवाज आला.

साकेतला फोन झाला. त्यानं पुण्याहून सांगितलं, “बाबा, सस्पेन्शन आपल्या वजनाप्रमाणे सेट करून घ्यावं लागतं. मोजून करतात ते.”

बाकीचं काही नीळकंठरावांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ‘मोजून’ एवढं त्यांनी ऐकलं.

धामणगाव रोडवर फुलसिंग राठोडचं गॅरेज आहे. फुलसिंग बाभुळगावजवळच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून गावोगाव फिरायचे. बापानं शेती धरली, आणि यानं पाना. शॉकअपमधे त्याच्या हाताला तोड नाही असं मोटरसायकलवाले सांगतात. फार वर्षांपूर्वी नीळकंठरावांनी त्यांचं शेत मोजलं होतं आणि त्या मोजणीत फुलसिंगच्या बापाचं वावर दोन हात वाढलं होतं. तेव्हापासून फुलसिंग त्यांच्याशी वाद घालत नसे.

त्याच्याकडे जायचं ठरलं आणि सप्टेंबर लागताच नेमका नीळकंठरावांना डेंग्यू झाला. तीन आठवडे दवाखान्यात काढून ते गुरुवारी घरी आले आणि रविवारी भिंतीला धरत धरत गाडी काढून गॅरेजवर हजर झाले. रजनीताई तेव्हा घरी त्यांच्यासाठी मुगाची पातळ खिचडी करत होत्या. शेजारच्या ममतानं “काका गाडीवर गेले” असं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की पलंग रिकामा आहे.

“साहेब, पहिले बरे तं होऊन घ्या,” फुलसिंग म्हणाला. “तुमचे पाय लटपट करून राह्यले. दिवाळीनंतर करू नं.”

“वजन आत्ता प्रमाणित आहे,” नीळकंठराव म्हणाले, आणि त्यांनी दवाखान्याचं कार्ड काढून दाखवलं. घरी सोडताना घेतलेलं वजन, एकोणसत्तर किलो. खाली सही, सहीखाली शिक्का.

शिक्क्यापुढे फुलसिंग काय बोलणार? त्यानं पुढच्या चकचकीत पाइपाला लाल दोरा बांधला. गाडी उचलून पुढचं चाक अधांतरी केलं, तसा शॉकअप पूर्ण लांब झाला. मग दोरा खाली सरकवून खालच्या नळीच्या तोंडावरच्या रबराला टेकवला. चाक जमिनीवर आलं, साहेब बसले, शॉकअप दबला आणि रबरानं दोऱ्याला वर ढकललं. साहेब उतरले, चाक पुन्हा उचललं, पण दोरा होता तिथेच राहिला. रबर आणि दोरा यांच्यात जेवढं अंतर, तेवढा साहेबांच्या वजनानं शॉकअप दबला.

“एकूण धाव तेरा सेंटिमीटरची,” फुलसिंगनं सांगितलं. “त्यातले चार माणूस बसल्या बसल्या जाले पाह्यजे. बाकी नऊ खड्ड्यांसाठी राखून ठेवाचे.”

राखीव क्षेत्राची ही कल्पना नीळकंठरावांना फार आवडली. स्वतःच्या पोलादी पट्टीनं त्यांनी मोजलं. चारच्या जरा वर होतं. फुलसिंगनं वरची टोपणं उघडली, दोन्ही स्प्रिंगांवर प्लॅस्टिकच्या पाइपाचा एकेक तुकडा कापून बसवला आणि टोपणं आवळली. आता बरोबर चार.

“साहेब, गाडी एकट्याची का दोघांची?” त्यानं मधेच विचारलं होतं.

“पुस्तकात चालकाचं वजन लिहिलंय,” नीळकंठराव म्हणाले.

काम फत्ते झालं. गतिरोधकावरून गाडी म्हशीसारखी संथ उतरू लागली.

पुढचा दोष रजनीताईंच्या हातचा. डेंग्यूतून उठलेल्या माणसाला त्यांनी उभं केलं. आधी साजूक तुपातला शिरा, मग वडाभात, मग पाटवडी आणि रस्सा, थंडी पडल्यावर रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि रोज रात्री झोपताना डिंकाचा एक लाडू. डिसेंबर उजाडला तेव्हा नीळकंठराव त्यांच्या मूळच्या ऐंशी किलोंवर परत आले होते, आणि पेट्रोल पंपासमोरच्या गतिरोधकावर पुढून “खट्” झालं होतं.

फुलसिंगनं पुन्हा दोरा बांधला. साडेचार.

“अर्ध्या सेंटिमीटरचा सवाल हाये,” तो म्हणाला. “दुसरा तुकडा थोडा लांबा कापतो. तुमचा चहा होईपर्यंत होऊन जाते.”

“मोजणी बरोबर आहे, फुलसिंग.”

“मंग चूक कायची हाये?”

“धारकाचं अतिक्रमण झालंय,” नीळकंठराव गंभीरपणे म्हणाले, आणि दोघांनीही त्यांच्या पोटाकडे पाहिलं.

अर्धा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असं तुम्हाला-मला वाटतं. पण हजारास एक प्रमाणाच्या नकाशावर अर्धा सेंटिमीटर म्हणजे जागेवर पाच मीटर, आणि पाच मीटरसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जात नाहीत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे तुकडा बदलायचा प्रश्नच नव्हता. अतिक्रमण हटवायचं होतं.

ते हटवताना घराचं काय झालं, ते रजनीताईंना विचारावं. तेल बंद, तूप बंद, साखर बंद. दुधीभोपळा उकडून, पालक उकडून, शेवटी शेपूसुद्धा उकडून. शेपू उकडताना निघालेल्या वासानं ममता विचारायला आली की काकू, काही जळलं का. ताटावर बसले की नीळकंठराव कुणाशी बोलत नसत. मात्र संध्याकाळी अचानक त्यांची भक्ती वाढली.

“काकू,” ममतानं एकदा फाटकावरून हळूच सांगितलं, “दत्ताच्या देवळात आज गोड बुंदी होती. काका रांगेत दोनदा उभे होते.”

“दोनदाच?” रजनीताई म्हणाल्या. “मग गाडीची काळजी करताहेत अजून.”

दर सोमवारी काट्यावर उभं राहायचं. ऐंशी, मग एकोणऐंशी पूर्णांक दोन, मग अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार, मग, मार्गशीर्षातले गुरुवार मधे आल्यामुळे, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक नऊ. या आकड्यांकडे रजनीताईंचं लक्ष नव्हतं. त्यांचा स्वेटर कपाटात होता, रुमाल स्वेटरच्या घडीत होता, आणि “वजन बसलं की निघू” हे वाक्य महिनाभर त्या ऐकत होत्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आभाचा फोन आला.

“आई, माझी बदली झाली. चंद्रपूर. एकतीसला इथून सोडताहेत.”

“एकतीस जानेवारी?”

“हो नं. तू येते येते म्हणत होती. घराच्या मागच्या दारातून नुसता कापूस दिसतो इथे, अजून वेचणी चालू आहे. चंद्रपूरला काय, फ्लॅट मिळणार तिसऱ्या मजल्यावर. तिथे काय दाखवू तुला?”

रजनीताईंनी फोन ठेवला. नीळकंठराव अंगणात पेरू खात होते. पेरू चालतो असं आहाराच्या पुस्तकात होतं.

“अहो, आभा एकतीसला मुकुटबन सोडते आहे. पुढच्या शनिवारी निघू.”

नीळकंठरावांनी पेरू खाली ठेवला, वही काढली, आकडेमोड केली. “सध्याच्या गतीनं आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम उतरतात. एकोणसत्तरला पोचायला,” त्यांनी पुन्हा एकदा भागाकार तपासला, “वीस जुलै.”

“वीस जुलैला पाऊस असतो.”

“पावसात गाडी काढायची नाही. मग दिवाळीनंतर.”

“दिवाळीनंतर मुकुटबनला कोण आहे आपलं?”

“गाव तिथेच राहतं, रजनी.”

“आणि तुम्ही अठ्ठ्याहत्तर किलोचे गेले तर काय गाव पळून जाते?”

“पुढचा शॉकअप दर गतिरोधकाला टेकेल. शंभर किलोमीटरमधे किती गतिरोधक आहेत माहीत आहे? चुकीच्या मोजणीवर मी तुला बसवणार नाही.”

भिंतीपलीकडून ममता म्हणाली, “काकू, बसनं जा नं. पांढरकवड्याहून बदलून मिळते.”

“बसनंच जायचं असतं,” रजनीताई म्हणाल्या, आणि राग आला की त्यांच्या तोंडी येणारी अमरावतीची बोली आली, “तं तीस वर्षं मी कायले थांबली असती?”

नीळकंठरावांनी पेरू पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी रजनीताई भाजीची पिशवी घेऊन निघाल्या आणि भाजीबाजार सोडून थेट धामणगाव रोडला गेल्या. फुलसिंग एका फटफटीखाली आडवा पडलेला होता.

“फुलसिंगभाऊ, साहेबांनी सप्टेंबरात मोजणी केली तेव्हा गाडीवर कोण कोण बसलं होतं?”

फुलसिंग फटफटीखालून बाहेर आला. “साहेब एकटे बसले होते काकू. मी इचारलं बी, एकट्याची का दोघांची. मले वाटलं तुमी येत असान कधी मांगे. साहेबानं पुस्तक दाखवलं.”

“मला कुणी सांगायला आलं होतं? मोजणी आहे म्हणून?”

“नाई बाप्पा. तुमाले काहून सांगन कोणी?”

“बरं,” रजनीताई म्हणाल्या, आणि मग येताना मेथी घेतली.

नीळकंठरावांच्या रद्दीत गेलेल्या अर्जांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्यांनी तीस वर्षं वाण्याच्या याद्या लिहिल्या होत्या. पाठीमागून कागद कोरा असला तरी पुढून तो वाचता येत असे, आणि त्यांनी तो वाचलेला होता. दुपारी नीळकंठराव झोपले तेव्हा त्या ओट्याजवळ स्टूल ओढून बसल्या. चार वाजता चहाच्या कपाखाली एक कागद ठेवलेला होता:

‘प्रति, मा. निमतानदार साहेब (सेवानिवृत्त), राहणार अर्जदाराच्या घरी.

विषय: मोटरसायकलच्या पुढील शॉकअपची फेरमोजणी होणेबाबत.

महोदय, सदर गाडीची मागील सीट अर्जदारास देण्याचे आपण वेळोवेळी कबूल केले असून त्यामुळे अर्जदार ही लगतची धारक आहे. सप्टेंबर महिन्यात झालेल्या मोजणीची नोटीस अर्जदारास बजावण्यात आली नाही. मोजणीच्या वेळी अर्जदार आपल्यासाठी खिचडी करीत होती. करिता सदर मोजणी रद्द करून अर्जदाराच्या समक्ष फेरमोजणी करावी ही विनंती. निकाल दि. ३१ जानेवारीच्या आत व्हावा. — सौ. रजनी नीळकंठ देवपुजारी.’

नीळकंठरावांनी अर्ज वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. उठून अंगणात गेले, पेरूच्या झाडाभोवती एक फेरी मारून आले आणि तिसऱ्यांदा वाचला. लगतच्या शेतकऱ्याला नोटीस न देता केलेली मोजणी किती लोकांनी त्यांच्यापुढे आणली होती, आणि किती वेळा त्यांनी खालच्या माणसाला उन्हात उभं करून झापलं होतं!

“नोटीस बजावली नव्हती, हे खरं आहे,” ते शेवटी म्हणाले.

“मग?”

“अर्ज दाखल करून घेतो. रविवारी जागेवर सुनावणी.”

“बरं. आज रात्री मेथीची भाजी करते. फोडणीची.”

“सुनावणी होईपर्यंत अर्जदाराकडून काही घेणं मला योग्य वाटत नाही.”

“मग उपाशी राहा,” रजनीताई म्हणाल्या.

रात्री नीळकंठरावांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी सकाळी दोघं गॅरेजवर पोचले. नीळकंठराव गाडीवर, रजनीताई मागून ऑटोत, कारण मोजणी रद्द होईपर्यंत त्या गाडीवर बसू शकत नव्हत्या. त्यांनी जांभळी सुती साडी नेसली होती. नीळकंठरावांच्या काखेत फाइल होती.

“भाऊ,” रजनीताईंनी फुलसिंगला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, “माझं वजन मोठ्यानं सांगावं लागेल का?”

“नाई काकू. दोरा वजन नाई सांगत. कितीक दबलं तेवढंच सांगते.”

आधी नीळकंठराव एकटे बसले. उतरले. पट्टी लावली. साडेचारला एक रेघ कमी. मग ते पुन्हा बसले आणि मागे रजनीताई बसल्या. एक पाय ठेवायला त्यांना वेळ लागला, पण बसल्यावर त्यांनी पदर खोचला आणि समोर रस्त्याकडे पाहिलं. रस्ता धामणगावचा होता, तरी त्यांनी पाहिलं.

दोघं उतरली. फुलसिंगनं चाक उचललं. नीळकंठरावांनी गुडघ्यावर बसून पट्टी लावली आणि बराच वेळ ती तिथेच धरून ठेवली.

“तेवढंच आहे,” ते म्हणाले.

“तेवढंच राह्यते साहेब,” फुलसिंग म्हणाला. “मांगच्या माणसाचा भार मांगच्या शॉकअपवर जाते. पुढे काई फरक नाई पडत.”

आपलं वजन आणखी असायला हवं होतं, असं रजनीताईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

“म्हणजे माझ्या बसण्यानं,” त्यांनी विचारलं, “काहीच होत नाही?”

“पुढे नाई होत, काकू.”

नीळकंठराव उभे राहिले. त्यांचा चेहरा निकाल देताना व्हायचा तसा झाला होता. “नोटीस दिलेली नव्हती हे खरं. परंतु लगतच्या धारकामुळे हद्दीत फरक पडत नसेल, तर नियमाप्रमाणे मूळ मोजणी...”

फुलसिंगनं पान्यावरचं ग्रीस पुसायला घेतलं आणि स्वच्छ झालेला पाना पुसतच राहिला.

“कायम राहते,” रजनीताईंनी वाक्य पुरं केलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. खोचलेला पदर त्यांनी सोडला आणि नीट केला. “चला. मी ऑटो बघते. आभाला सांगते, येणं होत नाही म्हणून.”

त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. भांडण झालं असतं तर नीळकंठरावांना सोपं गेलं असतं. काठ्या घेतलेली माणसं त्यांनी पुष्कळ हाताळली होती. पण निकाल ऐकून गुपचूप रस्त्याला लागणारा माणूस त्यांना कधीच बघवत नसे. तेव्हा ते जीपमधे बसून दुसरीकडे पाहत. इथे जीप नव्हती.

त्यांनी फाइल उघडली. कागद मागेपुढे केले. दवाखान्याचं कार्ड काढून उजेडात धरलं.

“फुलसिंग, मूळ मोजणीची तारीख काय?”

“तुमीच लिहिली असन साहेब. बरसातीतली.”

“बरसातीतली! बरोबर.” नीळकंठरावांचा आवाज एकदम मोठा झाला, इतका की रस्त्याकडेपर्यंत जावा. “आणि धारक त्या दिवशी कोणत्या स्थितीत होता?”

“भिताडाले धरून आला होता.”

“पूर आलेला असताना नदीकाठचं शेत मोजतात का?”

“आता मले काय मालूम? नसन मोजत.”

“नाही मोजत! पाणी उतरू देतात, शेत आपल्या मूळ स्थितीत येऊ देतात, मग मोजतात. धारक आजारानं खचलेला असताना केलेली ही मोजणी आहे. ऐंशी किलो ही धारकाची मूळ स्थिती. वीस वर्षांची. डॉक्टरांचे कागद आहेत माझ्याजवळ.”

रजनीताई चार पावलं परत आल्या. “म्हणजे ते अतिक्रमण नव्हतं?”

“जुनी वहिवाट आहे,” नीळकंठराव म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवले. “सप्टेंबरची मोजणी मी रद्द करतो.”

“माझ्या अर्जावरून?”

“तुझा अर्ज अंशतः मंजूर.”

“अंशतः म्हणजे काय?”

“म्हणजे कारण वेगळं आहे. पण शनिवारी निघायचं.”

फुलसिंगनं हसू दाबण्यासाठी तोंडात टोपणाचा बोल्ट धरला. टोपणं उघडली, जुने तुकडे काढले, नवे जरा लांब कापून बसवले. नीळकंठराव बसले, उतरले. बरोबर चार. मग त्यानं न विचारता मागच्या शॉकअपची स्प्रिंग आवळायची कडी पान्यानं दोन खाचा वर फिरवली.

“हे काय?”

“हे काकूसाठी.”

“किती खाचा? कुठल्या वजनाला?” नीळकंठरावांनी पेन काढलं.

“तो आकडा भाऊजवळ राहील,” रजनीताई म्हणाल्या, आणि फुलसिंगनं लगेच कडीवर फडकं मारलं.

शनिवारी सकाळी साडेसातला दोघं निघाले. रुमाल, स्वेटर, आभासाठी लिंबाचं लोणचं. जोडमोह्याच्या अलीकडे पहिला मोठा गतिरोधक लागला. नीळकंठरावांनी वेग कमी केला, श्वास धरला. गाडी चढली, उतरली.

“ऐकलंस?” ते मागे वळून म्हणाले.

“काय?”

“काहीच नाही.”

“तेच ऐकलं. पुढे बघा.”

जंगल लागलं तसे ते सुरू झाले. हे साग लहान होते तेव्हा मी पाहिलेत, त्या टेकडीमागे एक तलाव आहे, या गावच्या पाटलानं मोजणीची साखळी धरणाऱ्यावर कुत्रा सोडला होता, त्या वावरात तीन भावांचे तीन धुरे आहेत आणि तिन्ही चुकीचे होते. पांढरकवड्याला चहा घेईपर्यंत ते बोलत होते. रजनीताई “हं” म्हणत होत्या आणि दुसऱ्याच बाजूला पाहत होत्या. एका शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांनी कंबरेला बांधलेल्या ओट्या फुगून त्या सगळ्याच गरोदर दिसत होत्या. रजनीताईंना हसू आलं आणि त्यांनी एकीला हात केला. तिनंही केला.

मुकुटबन वीसेक किलोमीटर राहिलं असेल तेव्हा डाव्या हाताला एक फाटा लागला. कच्चा रस्ता, दोन्हीकडे तूर, लांबवर एक पांढरं देऊळ आणि पाच-पन्नास घरं. फाट्यावरच्या पाटीवरचा रंग उडून गावाचं नाव वाचता येत नव्हतं.

“थांबा,” रजनीताई म्हणाल्या.

गाडी थांबली. “हे का? हे म्हणजे...” नीळकंठरावांनी तोंड उघडलं. त्यांना अर्थातच माहीत होतं. दोन हजार नऊ साली त्यांनी इथलं गावठाण मोजलं होतं.

“नाव सांगू नका,” रजनीताई म्हणाल्या. “आत जाऊन बघू.”

“आभा जेवायला थांबली असेल.”

“तिला मी फोन करते. तुम्ही वळवा.”

नीळकंठरावांनी कच्च्या रस्त्याकडे पाहिलं, खड्डे पाहिले, आणि ते न मोजता त्यांनी गाडी डावीकडे घेतली.